रेवाची दहावी घरून: विषय निवडण्यापासून अकरावीच्या अ‍ॅडमिशनपर्यंत

माझी मुलगी रेवा पाचवीनंतर शाळेत गेली नाही. 2020 साली शाळा बंद झाल्या तेव्हा घरी शिकायला लागली आणि पुढे तिने आणि आम्ही ठरवून तेच चालू ठेवलं. सहावी, सातवी, आठवीच्या वयात काही टेन्शन नव्हतं, वाचन, चित्रं, कुत्री-मांजरं, आजोबांबरोबर शेतावर चक्कर, गणित रोज थोडं. खरी धाकधूक सुरू झाली ती चौदावं लागल्यावर. आता दहावीचं काय? कोणतं बोर्ड, कोणते विषय, कोणती पुस्तकं, आणि रोज घरात नक्की करायचं काय? आता ती कॉलेजात अकरावी सायन्सला बसली आहे, म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवते. आम्ही साताऱ्यात राहतो, घरून शिकणारी दुसरी मुलं आसपास फारशी नाहीत, त्यामुळे विचारायचं कुणाला हाच मोठा प्रश्न होता. ज्यांच्या घरी आता तेरा-चौदा वर्षांचं मूल आहे त्यांना यातलं काहीतरी उपयोगी पडेल.

आधी कायद्याचं, कारण नातेवाईक सगळ्यात पहिलं तेच विचारतात. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे. घरी शिकवायला बंदी असं कुठे लिहिलेलं नाही आणि घरी कसं शिकवायचं याची वेगळी नियमावलीही नाही. चौदानंतर प्रश्न उरतो तो फक्त परीक्षेचा, म्हणजे मान्यता असलेलं दहावीचं सर्टिफिकेट कुठून मिळवायचं.

2022 च्या दिवाळीनंतर आम्ही तिघं जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसलो. तीन रस्ते दिसत होते. पहिला आपल्या राज्य बोर्डाचा 17 नंबर फॉर्म, म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसणं. वय चौदा पूर्ण, किमान पाचवी पास आणि शाळा सोडल्याचा दाखला, हे सगळं आमच्याकडे होतं. फी पण हजार-अकराशेच्या घरात. पण मग सगळे विषय एकाच मार्चमध्ये, आणि अंतर्गत गुण, प्रॅक्टिकल यासाठी बोर्ड जी संपर्क शाळा देईल तिच्यावर सगळं अवलंबून. दुसरा रस्ता केंब्रिजच्या आयजीसीएसईचा, म्हणजे दहावीच्या बरोबरीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचा. अभ्यासक्रम मला मनापासून आवडला, लॅब नसेल तर सायन्सला प्रॅक्टिकलऐवजी लेखी पेपरची सोय आहे, भारतात तर फेब्रुवारी-मार्चची जादा परीक्षाही असते. पण खाजगी विद्यार्थी घेणारी सेंटर मोजकी, आणि एकेका विषयाचा खर्च पाच आकडी. आमच्या घरी ते परवडणारं नव्हतं, तो विषय तिथेच संपला. तिसरा एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थान. केंद्र सरकारची संस्था, मुख्यालय नोएडाला, आपल्यासाठी प्रादेशिक केंद्र पुण्यात.

एनआयओएस घ्यायचं कारण फक्त स्वस्त आणि सोपं हे नाही, ते मला ठासून सांगायचंय. कारण असं की तिथे विषय तोडून देता येतात. एकदा अ‍ॅडमिशन घेतली की ती पाच वर्षं चालते, त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि कुठल्या वेळेला कोणते विषय द्यायचे ते आपण ठरवायचं. पास झालेल्या विषयाचे मार्क जमा राहतात. घरी शिकणाऱ्या मुलाला याच्यासारखी दुसरी सोय नाही. एका वेळी सहा विषयांचा रगाडा ओढण्यापेक्षा दोन-तीन विषयांत बुडून जाता येतं. आमचा सगळा अभ्यासक्रम या एका गोष्टीभोवती रचला गेला.

आता विषय. किमान पाच लागतात, त्यात एक भाषा तरी हवी आणि जास्तीत जास्त दोन. वर आणखी दोन जादा घेता येतात. यादी बघून रेवा हरखून गेली, चित्रकला, मानसशास्त्र, गृहविज्ञान, भारतीय संस्कृती, डेटा एंट्री, हिंदुस्थानी संगीत, शाळेत दहावीला कोण विचारतं हे? पण मी तिला आधी एकच विचारलं, दहावीनंतर कुठे जावंसं वाटतं? ती म्हणाली, "आई, मला जनावरांचं डॉक्टर व्हायचंय, ते बदललं तरी मला सायन्सच हवंय." म्हणजे गणित (विषय कोड 211) आणि विज्ञान-तंत्रज्ञान (212) पक्के. नियमात गणित सक्तीचं नाही म्हणून पुष्कळ मुलं ते सोडून देतात. ज्याला पुढे सायन्सला जायची थोडी जरी शक्यता वाटते त्याने ते सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, कारण ते दार नंतर उघडायला फार त्रास होतो. बाकी इंग्रजी (202), मराठी, चित्रकला (225), आणि जादा म्हणून मानसशास्त्र (222). सहावा विषय घ्यायला आणखी एक कारण होतं, एखाद्या विषयात अडकलं तरी पाच विषयांत सर्टिफिकेट हातात येतं.

समाजशास्त्र परीक्षेला घेतलं नाही. यावरून माझ्या भावाने बरंच ऐकवलं, पोरीला इतिहास-भूगोल येणार नाही म्हणून. पण परीक्षेला नाही म्हणजे घरात नाही असं थोडंच आहे. बालभारतीची नववी-दहावीची इतिहास-भूगोलाची पुस्तकं पीडीएफ फुकट मिळतात, ती तिने गोष्टीसारखी वाचून काढली. आजोबांच्या शेताचा सातबारा काढून आम्ही दोघी बसलो, गट नंबर म्हणजे काय, इतर हक्कात सोसायटीचा बोजा का दिसतोय, वारसांची नावं कशी चढतात, आणि आत्याचं नाव त्यात नंतर का आलं. त्या एका कागदावर आम्ही आठवडाभर बोलत होतो. मग ती आजोबांनाच तपासायला लागली, "आजोबा, तुम्ही पीक पाहणी लावली का?"

माध्यमाचा घोळ बरेच दिवस चालला. एनआयओएसची दहावी मराठीतूनही देता येते, आणि रेवा मराठी शाळेतली. पण अकरावी सायन्स इंग्रजीतून, म्हणून पुस्तक इंग्रजी घेतलं आणि समजून घ्यायला बालभारतीचं मराठी विज्ञान शेजारी ठेवलं. धडा आधी मराठीत वाचायचा, त्यावर आपसात बोलायचं, मग इंग्रजी धडा, आणि उत्तरं इंग्रजीत. सुरुवातीला वेळ दुप्पट लागला. दोन-तीन महिन्यांनी मराठी पुस्तक उघडायची गरज आपोआप कमी झाली.

अ‍ॅडमिशन जून 2023 मध्ये घेतली. पुढच्या एप्रिलच्या परीक्षेसाठी अ‍ॅडमिशन साधारण मार्चच्या मध्यापासून जुलै अखेरपर्यंत चालू असते, ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंत. त्यानंतर लेट फी. सगळं ऑनलाइन. फोटो, सही, आधार, जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा. आठवी पासचा दाखला नसेल तर "सेकंडरीचा अभ्यास करता येईल इतकं मी शिकलेलो आहे" अशा अर्थाचं स्वतःचं प्रमाणपत्र चालतं, आम्ही तेच दिलं. सासूबाईंना हे काही केल्या पटेना, "अगं, पोरगी स्वतःच लिहून देणार आणि सरकार मान्य करणार?" मी म्हटलं, "हो आई, करतं, नियमातच आहे." फॉर्म भरायच्या आधी एक काम नक्की करा. जन्मदाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते बघा. रेवाच्या नावात एका ठिकाणी एक अक्षर जास्त होतं, ते दुरुस्त करून यायला काही आठवडे गेले आणि त्या काळात माझी झोप उडाली होती. पंधरा वर्षांनंतर आधारचं बायोमेट्रिक पण अपडेट करावं लागतं, तेही डोक्यात ठेवा.

फी मुलींना पाच विषयांची साडेचौदाशे आणि जादा विषयाचे सातशेवीस. मुलांना तेव्हा अठराशे होती. परीक्षेची फी वेगळी, विषयाला अडीचशे-तीनशेच्या घरात, प्रॅक्टिकलचे त्यावर थोडे. फॉर्ममध्येच स्टडी सेंटर निवडावं लागतं आणि हे घाईत करायचं काम नाही. जवळचं सेंटर मिळतंय म्हणून लगेच टिक करू नका, आधी फोन करून विचारा, सायन्सची लॅब आहे का, चित्रकलेचं प्रॅक्टिकल तिथे होतं का, रविवारचे संपर्क वर्ग खरंच भरतात का. एका ठिकाणी मला सरळ सांगितलं की वर्गबिर्ग काही नाही, परीक्षेलाच या, आणि वर "आमच्या पॅकेजमध्ये सगळं बसवून देतो" म्हणून फीच्या कितीतरी पट रक्कम सांगितली. तिथून आम्ही निघून आलो. असलं पॅकेज कुणीही घेऊ नये. फी ऑनलाइन भरली जाते, फॉर्म घरी भरता येतो, मध्ये कुणी लागत नाही. शेवटी पुण्याजवळचं एक सेंटर घेतलं, लांब पडलं पण तिथल्या बाई विज्ञानाच्या होत्या आणि फोन उचलायच्या. एसटीत महिलांना अर्धं तिकीट त्याच वर्षी मार्चपासून सुरू झालेलं, त्याचा आम्हा मायलेकींना खूप आधार झाला.

अ‍ॅडमिशन कन्फर्म व्हायला काही आठवडे लागले, मग बारा आकडी एनरोलमेंट नंबर आला. छापील पुस्तकं पोस्टाने बऱ्याच उशिरा आली, पण त्यासाठी थांबायचं कारण नाही, सगळे धडे साइटवर पीडीएफमध्ये आहेत. मी लागणारे धडे झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट करून स्पायरल बांधून घेतले.

आणि मग वेळापत्रक. इथे सगळ्यात जास्त डोकं लावलं. आम्ही शेवटाकडून मागे आलो. तिच्या वयाची शाळेतली मुलं जून 2025 ला अकरावीत जाणार, मग हिचंही तेव्हाच व्हावं. म्हणजे तिच्या हातात एप्रिल 24, ऑक्टोबर 24 आणि एप्रिल 25 अशा तीन परीक्षा. पैकी शेवटची रिकामी ठेवायची. एखादा विषय राहिला तर तेव्हा देता येईल आणि वर्ष वाया जाणार नाही. एप्रिल 24 ला मराठी, चित्रकला, मानसशास्त्र. ऑक्टोबर 24 ला इंग्रजी, गणित, विज्ञान. गणित-विज्ञान मुद्दाम मागे, कारण एप्रिलनंतर तिच्यासमोर बाकी काही नसणार होतं.

एनआयओएसचा एक नियम कळला की नियोजन बरंच हलकं होतं. प्रत्येक विषयाचे धडे दोन भागांत वाटलेले आहेत, साधारण 40 टक्के भाग टीएमएसाठी म्हणजे घरी लिहायच्या असाइनमेंटसाठी, आणि 60 टक्के लेखी परीक्षेसाठी. कोणता धडा कशात ते साइटवर विषयवार दिलंय. ती यादी प्रिंट करून आम्ही फ्रिजवर लावली. टीएमएला थिअरीच्या मार्कांत 20 टक्के वजन असतं. एका टीएमएत सहा प्रश्न, तीन दोन-दोन मार्कांचे, दोन चार-चारचे, शेवटचा सहा मार्कांचा प्रोजेक्टसारखा. हाताने लिहायचं, स्कॅन करून अपलोड करायचं. एप्रिलच्या परीक्षेसाठी जानेवारी अखेर, ऑक्टोबरसाठी जुलै अखेर. शेवटच्या दोन दिवसांत साइट रांगायला लागते, म्हणून आठवडाभर आधी टाकून मोकळं व्हायचं आणि पोचपावतीचा स्क्रीनशॉट ठेवायचा.

रोजचा दिवस कसा जायचा ते सगळे विचारतात. सकाळी नऊ ते बारा बसून अभ्यास, बस्स. त्यातला पहिला तास रोज गणित, मग बाकी विषय जो चालू असेल तो. दुपारी चित्रं, वाचन, स्वयंपाकात मदत, संध्याकाळी बॅडमिंटन. शनिवारी काही लिहायचं नाही. महिन्याच्या शेवटी आम्ही दोघी बसून काय झालं, काय राहिलं ते बघायचो आणि पुढच्या महिन्याचं तीच लिहायची. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना आपण आखून दिलेलं वेळापत्रक फार काळ झेपत नाही, त्यांच्या हाताने लिहिलेलं झेपतं.

गणिताच्या पुस्तकात व्यावसायिक गणित म्हणून एक भाग आहे, टक्केवारी, नफा-तोटा, व्याज, हप्ते. तो आम्ही घरातल्या कागदांवर केला. पोस्टातली आरडी, फ्रिजचा हप्ता, मेडिकलच्या बिलावरचा जीएसटी. शून्य टक्के व्याज म्हणून घेतलेल्या फ्रिजवर प्रोसेसिंग फी धरली तर खरं व्याज किती पडतं हे तिने बाबांना काढून दाखवलं, बाबा गप्पच. भूमिती आणि त्रिकोणमितीसाठी मात्र ओळखीचे एक निवृत्त सर आठवड्यातून दोनदा यायचे, महिना दीड हजार. आपल्याला जे येत नाही तिथे माणूस बघावा, यूट्यूबवर भागत नाही. प्रमेय लिहिताना प्रत्येक ओळीला कारण लिहायचं ही सवय सरांनी लावली.

विज्ञानाचं प्रॅक्टिकल घरी किती होतं याचं मलाच नवल वाटलं. हळदीचा कागद करून साबण आणि लिंबू तपासणं, चुन्याच्या निवळीत फुंकर मारून ती दुधाळ होताना बघणं, भिंगाने खिडकीचं चित्र भिंतीवर पाडून नाभीय अंतर मोजणं. एक दिवस कांद्याचा पातळ पापुद्रा काढून, त्यावर आयोडीनचा थेंब टाकून ती फोल्डस्कोपला, म्हणजे कागदी सूक्ष्मदर्शकाला, डोळा लावून बसली. बराच वेळ काही दिसेना. कागदी पट्टी जरा सरकवली आणि एकदम ओरडली, "आई, भिंतीच्या विटा दिसतायत गं!" विटांसारख्या पेशी, प्रत्येकीत एक पिवळसर ठिपका. आयोडीनचे डाग ओट्यावर अजून आहेत. लॅबमधलं जे घरी होणं शक्य नाही ते सेंटरच्या बाईंनी दोन रविवारी करून घेतलं. प्रॅक्टिकलची वही आधीपासून लिहीत राहायची, ती सही करून लागते. गणितालाही आता प्रॅक्टिकल असतं हे पुष्कळांना माहीत नसतं, विज्ञानासारखंच. आणि चित्रकलेत 100 पैकी 70 प्रॅक्टिकललाच आहेत, म्हणून वर्षभरातली कामं तारखा घालून फाइलला लावत जा.

मार्च 2024 ला प्रॅक्टिकल, एप्रिलपासून लेखी. पहिल्या पेपरच्या आदल्या रात्री रेवा रडली. चार वर्षं ती कुठल्याही परीक्षा हॉलमध्ये बसलेली नव्हती. "मला तीन तास असं सगळ्यांत बसून लिहिता येईल का गं?" त्याआधी महिनाभर आम्ही घड्याळ लावून घरी पेपर सोडवले होते, जुने पेपर साइटवर मिळतात, तरी भीती होतीच. मी तिच्याशेजारी झोपले, दुसरं काही सुचलं नाही. पेपर संपल्यावर हॉलमधून बाहेर आली ती भलत्याच विषयावर बोलत. तिच्या शेजारच्या बाकावर चाळिशीतल्या एक ताई होत्या, अंगणवाडीत मदतनीस, सेविका व्हायचं तर शिक्षण हवं म्हणून मुलाच्या बरोबरीने परीक्षा देत होत्या. पेपरच्या आधी त्यांनी रेवाला म्हणी विचारल्या आणि स्वतःच्या डब्यातली चपाती-भाजी दिली. पुढच्या पेपरला ही स्वतःहून लवकर निघाली.

निकाल जूनमध्ये. तिन्ही विषय झाले आणि घरात एकदम मोकळं वाटलं, नातेवाईकांचे फोनही जरा मवाळ झाले. ऑक्टोबरची फी आणि टीएमए मात्र लगेच जून-जुलैतच येतात, तेव्हा निकालाची वाट बघत बसू नका. जून ते ऑक्टोबर फक्त गणित, विज्ञान आणि इंग्रजी. पावसाळा होता, घरात कोंडल्यासारखं व्हायचं, ऑगस्टमध्ये तिला सगळ्याचाच कंटाळा आला. मैत्रिणी त्यांच्या दहावीच्या क्लासला आणि ही एकटी. त्या आठवड्यात आम्ही पुस्तकं बंद ठेवली आणि ती आजोबांकडे राहून आली. आल्यावर गाडी परत रुळावर आली. टीनएजर मुलांच्या एकटेपणाची तजवीज अभ्यासाइतकीच करावी लागते. बॅडमिंटनचा ग्रुप नसता तर आमचं अवघड होतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला पेपर, निकाल डिसेंबरमध्ये. सगळे विषय झाले, एप्रिल 25 ची राखीव परीक्षा लागलीच नाही. ते सहा महिने तिने गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या परवानगीने सकाळी जाऊन बसण्यात घालवले, लसीकरणाच्या नोंदी लिहून द्यायची.

अकरावीचे ऑनलाइन प्रवेश 2025 पासून सगळ्या महाराष्ट्रात एकाच पोर्टलवर झाले, आधी ते काही मोठ्या शहरांपुरतेच होते. त्यामुळे साताऱ्यातल्या कॉलेजलाही तिथूनच अर्ज. नोंदणीचे शंभर रुपये, दहा कॉलेजांपर्यंत पसंती. बोर्ड निवडताना एनआयओएसचा पर्याय असतो, मार्क स्वतः भरून मार्कशीट अपलोड करायची. शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या जागी एनआयओएसचं मायग्रेशन-कम-ट्रान्सफर सर्टिफिकेट चालतं. मार्कशीट डिजीलॉकरवर आधी दिसते, मूळ कागद नंतर हातात येतात. मार्गदर्शन केंद्रावरच्या सरांनी असला दाखला बहुतेक पहिल्यांदाच बघितला असावा, दोन-तीनदा उलटसुलट करून पाहिला, वरिष्ठांना फोन लावला आणि मग ओके केलं. अशा वेळी वाद घालत बसू नका, एनआयओएसच्या मान्यतेचं पत्रक प्रिंट करून फाइलमध्ये ठेवा आणि शांतपणे पुढे करा.

दुसऱ्या यादीत नंबर लागला. दुसऱ्या बोर्डातून आल्यामुळे कॉलेजने पात्रतेची वेगळी फाइल मागितली, त्यात मूळ मायग्रेशन जमा होतं आणि परत मिळत नाही. जमा करण्याआधी त्याचा रंगीत स्कॅन आणि चार-पाच अटेस्टेड झेरॉक्स काढून ठेवा, आम्हाला त्या स्कॉलरशिपच्या फॉर्मला लगेचच लागल्या.